विमानतळावरची काचेची खोली

नागपूरहून कोचीला जाताना मध्ये एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं होतं. कोची, मुन्नार, अलप्पुळा सगळं छान झालं, आई खूश आहे, फोटो सावकाश टाकते. आज लिहायचंय ते त्या मधल्या विमानतळाबद्दल.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर सुरक्षातपासणीत आमच्या पुढच्या काकाजींचा लायटर काढून घेतला होता. बरोबरच केलं. मधल्या विमानतळावर मात्र आमच्या गेटसमोरच काचेची स्मोकिंग रूम, आणि तिच्या भिंतीत विजेवर चालणारा लायटर! खिशातला काढून घ्यायचा आणि इथे भिंतीत बसवून द्यायचा, हे मला अजून पटलेलं नाही.

आईला दमा आहे. बसल्या बसल्या तिला खोकल्याची उबळ आली, पंप काढावा लागला. बघते तर खोलीचं दार सताड उघडं, बादली लावून अडवलेलं.

2003 च्या कायद्याने सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे. वेगळी जागा ठेवायची मुभा आहे ती 30 किंवा जास्त खोल्यांची हॉटेलं, 30 किंवा जास्त आसनांची उपाहारगृहं आणि विमानतळांना. 2008 च्या नियमांत त्या जागेचं वर्णनही आहे: चारही बाजूंनी भिंती, आपोआप लागणारं दार, धूर थेट इमारतीबाहेर, आणि आत हवेचा दाब कमी, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतच ओढली जावी. एका बादलीने हे सगळं निकामी केलं होतं.

मी तावातावाने गेले. आत सफाईवाल्या ताई नाकाला पदर लावून राखेची भांडी रिकामी करत होत्या. तिघं-चौघं तिथेच ओढत उभे. त्या झाडत असताना एकानेही सिगरेट विझवली नाही.

"दार लावलं की डोळे उघडवत नाहीत हो ताई. झाडून होईस्तोवर ठेवते उघडं," त्या म्हणाल्या.

आई माझ्या मागे येऊन उभी होती. "काहून लावायला लावतेस दार? राहू दे. आपण तिकडे दूर बसू," असं म्हणून ती चालायलाही लागली.

त्यानंतर विमान लागेपर्यंत माझ्या डोक्यात तेच. नियम करणाऱ्यांनी बाहेर बसणाऱ्याचा विचार केला. पण त्या खोलीत रोज कोणालातरी झाडू घेऊन जावं लागतं, तिचं काय? दार लावलं तर तिला त्रास, उघडलं तर आईला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी पातळीच नाही.

खोल्या बंद केल्या तर लोक शौचालयात ओढतील, असं म्हणतात. ओढतीलही काही जण. मग दंड वाढवा; 200 रुपयांपर्यंतच्या दंडाला विमानाने फिरणारा माणूस भीत नाही. हीच माणसं विमानात तासन्‌तास सिगरेटशिवाय बसतातच की. माझं स्पष्ट मत आहे, या खोल्या बंदच व्हाव्यात.

तोवर निदान एवढं करा, म्हणून मी तिथल्या अभिप्रायाच्या अर्जात लिहिलं: सफाईआधी खोली रिकामी करून कुलूप लावा, धूर पूर्ण निघून जाऊ द्या, मगच ताईंना आत पाठवा. अजून उत्तर नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहिणार आहे.