इरेज 'ओके' म्हणतो, बाइट मात्र जागच्या जागी

मागच्या नोंदीत बंद पडलेल्या राउटरच्या यू-बूटचा, म्हणजे सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा, प्रॉम्प्ट हाती आला होता. फ्लॅश चिपमधला एन्व्हायर्नमेंटचा (यू-बूटच्या सेटिंग्जचा) शेवटचा ६४ केबी ब्लॉक पुसला की राउटर जिवंत, असा हिशेब. पुसला, 'ओके' आलं. परत वाचला तर पुसल्याची खूण असलेला एफएफ कुठेच नाही, सगळे जुनेच बाइट. तीनदा तेच.

यू-बूट खोटं बोलत नाही. बिझी बिट खाली आला की त्याच्या लेखी काम झालं. डब्ल्यू२५क्यू६४एफव्हीला, म्हणजे या फ्लॅश चिपला, लिहिण्या-पुसण्यासाठी बंद असलेला ब्लॉक पुसायला सांगितलं की ती आज्ञा गिळून गप्प बसते. यू-बूटच्या एसएसपीआय कमांडने ०५ ही आज्ञा पाठवून चिपचं स्टेटस रजिस्टर वाचलं: हेक्स ९सी. ब्लॉक बंद ठेवणारे बीपी०, बीपी१, बीपी२ हे बिट तिन्ही १, म्हणजे अख्खी ८ एमबी बंद. वर खुद्द रजिस्टरला डब्ल्यूपी (राइट प्रोटेक्ट) पिनच्या ताब्यात देणारा एसआरपी०सुद्धा १. शून्य लिहिलं, पुन्हा ९सी. वीज काढून पिन ३ (डब्ल्यूपी) आणि ४ (ग्राउंड) वर मल्टिमीटर लावला तर बझर वाजला. डब्ल्यूपी थेट ग्राउंडला! बिट चिपच्या पोटात, पिन पीसीबीवर, दोन्ही जुळले की कुलूप पक्कं. ॲशर ऑप्लरने १९६७ मध्ये 'फर्मवेअर' हा शब्द मायक्रोकोडसाठी, म्हणजे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरच्या मधल्या थरासाठी, वापरला. अर्धं बिट, अर्धी पिन असं हे कुलूप या तिन्हींपैकी कुठल्या खणात टाकायचं?

इथे चिप बोर्डावरच ठेवून तिला प्रोग्रामरची क्लिप लावू नका. सीएच३४१ए या यूएसबी प्रोग्रामरच्या काळ्या बोर्डावर ३ आणि ७ या पिना ३.३ व्होल्टला बांधलेल्या असतात, म्हणजे सरळ शॉर्ट. तशीही लॅमिंग्टन रोडवरच्या स्वस्त क्लिपांची पकड चार वापरांत सुटते. उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप, भरपूर फ्लक्स आणि हॉट एअरने चिपच काढली. चिप बसवायचा अडॅप्टर घेताना २०८ मिल रुंदीचा सांगा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), १५० मध्ये ही बसत नाही. काळ्या बोर्डाच्या डेटा लाइनवर ५ व्होल्ट येतात, ते जुनं दुखणं. सीएच३४१एची पिन २८ उचलून ३.३ ला जोडली, पिन ९ पण तिथेच.

आधी दोनदा वाचन: ८३८८६०८ बाइट, दोन्ही हॅश सारखे. मग ०६ (लिहिण्याची परवानगी), ०१ ०० (रजिस्टरमध्ये शून्य). रजिस्टर ००! इरेज, व्हेरिफाय, पास.

आता चिप परत लावण्याआधी पिन ३ चा ट्रॅक कापून पिन ३.३ व्होल्टकडे ओढणारा १०के पुल-अप रेझिस्टर आणि ग्राउंडकडे सरकता स्विच, असा बेत. की स्विचच नको? क्यूई (क्वाड एनेबल) बिट १ केला तर पिन ३ डेटा लाइन होते आणि डब्ल्यूपीचं कामच संपतं. पण पिन थेट ग्राउंडला असताना क्यूई लावू नये, डेटाशीट तसं बजावते. शिवाय ०१ मागून एकच बाइट गेला तर क्यूई पुन्हा शून्य. म्हणजे ट्रॅक कापणं आलंच, स्विच राहू दे.