रोज खांद्यावर राहील अशी कॅमेऱ्याची बॅग: माझा अनुभव

कॅमेऱ्याची बॅग बघायला घेतली की आधी लिटरचा आकडा समोर येतो: ६, १०, २०. तो मी सरळ बाजूला ठेवला. लिटरमध्ये बाहेरचे खिसे, वरचं दुमडायचं तोंड असं सगळं धरलेलं असू शकतं; कॅमेरा बसायचा त्या कप्प्याची खोली त्यातून कळत नाही. त्याऐवजी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मोजपट्टी घेतली.

रोज खरोखर लागतं तेवढंच सामान काट्यावर ठेवलं. सोनी ए७ फोर कॅमेऱ्याची बॉडी बॅटरी आणि कार्डासकट ६५८ ग्रॅम, २४-१०५ एफ/४ लेन्स ६६३ ग्रॅम, ३५ एफ/१.८ लेन्स २८० ग्रॅम. दोन जादा बॅटऱ्या, कार्डांची डबी, धूळ उडवायचा ब्लोअर आणि पुसायचं कापड धरून बेरीज दोन किलोच्या आसपास जाते. कामाच्या दिवशी त्यात दीड किलोचा लॅपटॉप, भरलेली पाण्याची बाटली, चार्जर आणि छत्री येते, म्हणजे पाच किलो. यात बॅगेचं स्वतःचं वजन अजून धरलेलं नाही, आणि निवड तिथेच होते. जाड फोमच्या, भरपूर कप्प्यांच्या २० लिटरच्या सॅका रिकाम्याच दोन किलोपर्यंत जातात. अशी सॅक घेणं म्हणजे कॅमेऱ्याचं सगळं सामान दुसऱ्यांदा पाठीवर घेणं. रोजच्या बॅगेसाठी मी रिकाम्या वजनाची मर्यादा एक किलो ठरवली आणि त्यावरच्या बॅगा यादीतून काढल्या. ७०-२०० सारखी मोठी झूम लेन्सही रोजच्या यादीत घेतली नाही. वर्षात मोजक्या वेळा लागणाऱ्या लेन्सच्या मापाने बॅग घेतली, तर उरलेले सगळे दिवस मोठी आणि अर्धी रिकामी बॅग वाहावी लागते. शिवाय अर्ध्या रिकाम्या बॅगेत सामान हलत राहतं.

मग मापं. मोजायचं ते लेन्स लावलेल्या स्थितीत, हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं, उजेडाची तिरीप अडवणारं कडं) उलटा चढवून, कारण हूडमुळे लेन्सचा व्यास सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने वाढतो. माझी जोडणी पडद्यापासून लेन्सच्या टोकापर्यंत साधारण १८ सेंटिमीटर भरते. बॉडीची रुंदी १३ आणि उंची १० सेंटिमीटरच्या आत. कॅमेरा आडवा, ग्रिप (हातात धरायचा फुगीर भाग) वर ठेवला की हात घालताच बोटं ग्रिपवर बसतात. त्यासाठी आतून २० सेंटिमीटर लांबी, १४ उंची आणि ११ जाडी लागते. शेजारी दुसरी लेन्स उभी राहायला आणखी ८ सेंटिमीटर, आणि मधल्या पार्टिशनचा १. म्हणजे आतली लांबी २९. बॉडीला एल-ब्रॅकेट (ट्रायपॉडवर बसवायची एल आकाराची धातूची पट्टी) लावलेला असेल तर उंची आणि जाडीत आणखी दीड सेंटिमीटर धरा. बॅगेचं फक्त बाहेरचं माप दिलेलं असेल, तर फोमच्या जाडीसाठी प्रत्येक मापातून दोन ते तीन सेंटिमीटर वजा करून बघावं. सगळ्यात उपयोगी पडला तो पुठ्ठ्याचा खोका. याच मापाचा खोका कापून त्यात सामान मांडलं आणि एका हाताने कॅमेरा काढून बघितला. फोटोत प्रशस्त दिसणाऱ्या किती बॅगा जाडीत दोन सेंटिमीटर कमी पडतात, हे खोका समोर असला की लगेच लक्षात येतं.

स्लिंग (एका खांद्यावरून तिरकी घ्यायची लहान बॅग) की सॅक, हा वाद वजनावर सुटतो. माझ्या मते एका खांद्यावर अडीच किलोच्या पुढे जाऊ नये. फक्त कॅमेरा आणि दोन लेन्स असतील तर स्लिंगसारखी सोय नाही: पाठीवरून पुढे ओढली, चेन उघडली, कॅमेरा हातात. लॅपटॉप आला की मात्र दोन्ही खांदे लागतात. मधला प्रकार, मेसेंजर (एका खांद्यावर लटकणारी झाकणाची बॅग), लॅपटॉपसकट चालतो असं दाखवतात; पण पाच किलो एका बाजूला घेऊन अर्धा तास चाललं की शरीर विरुद्ध बाजूला कलतं आणि मान भरून येते.

पट्ट्याची परीक्षा खरं वजन भरूनच करावी. महागडं सामान बाहेर न काढता हे करायचं तर पाण्याच्या बाटल्या भरून टॉवेलमध्ये गुंडाळाव्यात. एक लिटर म्हणजे एक किलो. त्या घालून निदान अर्धा तास चालावं, जिने चढावेत, खाली वाकावं. पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक बॅग आरामदायक वाटते. स्लिंगचा पट्टा पाच सेंटिमीटरच्या आसपास रुंद हवा, आणि त्याच्या कडा मऊ हव्यात. रुंद पण कडक पट्टा मानेजवळ कडेवर उभा राहतो आणि कापतो. बकलमधून पट्टा सरकतो का तेही बघावं. गुळगुळीत नायलॉनचा पट्टा वजनाखाली हळूहळू लांब होतो आणि बॅग मांडीवर आपटायला लागते. तिचा तळ कमरेच्या हाडाशी राहील एवढाच पट्टा लांब ठेवावा.

सॅकच्या बाबतीत छातीवरचा आडवा पट्टा मला अत्यावश्यक वाटतो. तो वरखाली सरकवता आला पाहिजे, गळ्याच्या हाडाखाली चार बोटांवर बसला पाहिजे. बायकांसाठी खांद्याचे पट्टे सरळ नसून वळणदार असणं फार महत्त्वाचं. सरळ पट्टे छातीवर दाबतात किंवा काखेत घासतात. कमरेचा पातळ पट्टा बॅग डोलू देत नाही, भार मात्र घेत नाही. भार कमरेवर जायला गादी असलेला पट्टा आणि पाठीच्या लांबीला जुळणारी सॅक लागते. रोजच्या लहान सॅकेत ते सहसा नसतं, म्हणून त्यासाठी जास्त पैसे घालू नयेत.

कापडावर ४२०, ५००, १००० असे डेनियरचे आकडे असतात. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. धागा जाड की कापड दणकट, पण जडही. रोजच्या वापराला ४२० ते ५०० डेनियर नायलॉन पुरेसं आहे. तळाला जाड कापड असावं. फोम बोटाने दाबून सोडावा: लगेच वर येणारा, स्पंजासारखा खोल न दबणारा फोम दहा मिलिमीटर असला तरी भागतं. चेन भरलेल्या बॅगेवर कोपऱ्यातून फिरवून बघावी, कारण अस्तर तिथेच दातांत अडकतं. फोमच सगळं असंही नाही. वृत्तपत्र छायाचित्रकार जिम डोम्के यांनी १९७०च्या दशकात बनवलेली एफ-२ ही कॅनव्हासची बॅग जवळजवळ बिनफोमची, पण अंगाला चिकटून बसते, म्हणून काम करणाऱ्यांना ती आवडली. कडक खोक्यासारखी बॅग कमरेपासून दूर उभी राहते आणि तेवढंच वजन जड लागतं.

हे सगळं बघून मी शेवटी ठरवलं ते साध्या हलक्या सॅकेवर: रिकामी ८००-९०० ग्रॅमची, लॅपटॉपच्या कप्प्याचा तळ जमिनीपासून दोन सेंटिमीटर वर असलेली, आणि आत सुटा गादीचा इन्सर्ट, म्हणजे कॅमेरा-लेन्स ठेवायचा काढता येणारा कप्पा. इन्सर्ट काढला की तीच सॅक बाजारहाटाला चालते. हलकं जायचं असेल तेव्हा तोच इन्सर्ट लहान स्लिंगमध्ये जातो, पण त्यासाठी त्याचं माप आधी ठरवून मग दोन्ही बॅगा बघाव्या लागतात. यातली उणीव स्पष्ट आहे: बाजूच्या चेनमधून कॅमेरा झटकन काढायची सोय नाही, सॅक खांद्यावरून उतरवावी लागते.

मांडणीत जड वस्तू पाठीला लागून हव्यात. लॅपटॉप पाठीशी, त्याला टेकून इन्सर्ट, छत्री बाहेर. इन्सर्ट तळाशी लोंबला तर सॅक मागे ओढते. त्याखाली दुमडलेलं जाकीट घातलं की तो पाठीच्या मध्यावर येतो. बाटली कॅमेऱ्याच्या कप्प्यात कधीच नको, झाकण पक्कं असलं तरी. गार बाटलीला बाहेरून सुटणारं पाणी फोम शोषून घेतो. जादा बॅटऱ्यांना टोपणं लावावीत, नाण्यांच्या किंवा किल्ल्यांच्या खिशात टाकू नयेत: टोकं जोडली गेली की शॉर्ट होतं. लेन्स पुसायचं कापड पार्टिशनच्या वेल्क्रोला चिकटून खराब होतं, ते डबीत ठेवावं.

पावसासाठी फक्त रबरी लेप असलेल्या चेनवर विसंबू नये. पाणी शिवणीतून आणि चेनच्या टोकाशी उरलेल्या फटीतून शिरतं. रेनकव्हर असावंच, आणि ते पाठीची बाजू झाकत नाही हे लक्षात ठेवून इन्सर्टवर एक जलरोधक पिशवी. ओली बॅग उन्हात तापवण्यापेक्षा सगळ्या चेन उघडून, पार्टिशनं काढून पंख्याखाली वाळवावी. उष्णता आणि दमटपणाने कापडाच्या आतला पॉलियुरेथेनचा लेप चिकट होऊन सुटायला लागतो. आणि कॅमेरा महिनोन्महिने बॅगेत बंद ठेवू नये. फोममधला ओलावा लेन्सवर बुरशी आणतो. घरी आल्यावर कॅमेरा आणि लेन्स सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात जातात, आत आर्द्रतामापक असतो, आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या वर सरकला की जेल बदलते.