मी हात पाठीमागे का धरते

"पेशंटला शर्टाची बाही सापडत नाहीये, धडपडतोय बिचारा, आणि तुम्ही हात मागे घेऊन खुशाल उभ्या! घालून का देत नाही?"

१६ वर्षं वॉर्डात मावशीचं काम करतेय. हा प्रश्न मुलगा विचारतो, सून विचारते, शेजारच्या कॉटवरच्या पेशंटचे नातेवाईकही विचारतात. काही जण मला विचारत नाहीत, परस्पर सिस्टरांना सांगतात, मावशी कामचुकार आहेत म्हणून. तुम्ही निदान तोंडावर विचारलंत, म्हणून सांगते.

खुशाल नसते उभी. अर्धांगवायूच्या पेशंटला शर्ट घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. हे मी तोंडानं सांगत असते आणि तो नेमका कुठे अडतो ते बघत असते. लुळा हात धरून ओढायचा नाही. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, ओढलं की सांधा निसटतो. चाकाच्या खुर्चीत घ्यायचं तर खुर्ची चांगल्या बाजूला, दोन्ही ब्रेक लावून. झोपलेल्याला थेट उभं करायचं नाही. आधी पाय खाली सोडून बसवायचं, नाहीतर बीपी पडून चक्कर येते. फिजिओ येतात, तासभर व्यायाम घेतात आणि जातात. त्या तासाभरात शिकलेलं उरलेल्या २३ तासांत टिकतं तरी, नाहीतर पुसलं तरी जातं. आणि त्या २३ तासांत तिथे कोण असतं? मीच.

हात मागे धरते ते मात्र माझ्यासाठी. मोकळे सोडले की ते बटणाकडे धावतात.

सुरुवातीला मी अशी नव्हते. सगळं करून द्यायची, आणि सगळे खूश असायचे. एक आजी होत्या. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं. आमच्याकडे आल्या तेव्हा वॉकर धरून बाथरूमपर्यंत जायच्या. ११ पावलं. मोठ्यानं मोजायच्या. पहिल्या रात्री "जायचंय गं" म्हणाल्या, मी नेलं. जाऊन येऊन वीस मिनिटं गेली. रात्रपाळीला मी एकटी, चौदा पेशंट, आणि तेवढ्यात तिकडे एकाची सलाईन निघालेली. दुसऱ्या रात्री बेडपॅन दिलं. म्हटलं, "आजचा दिवस, आजी. उद्या नेते." तिसऱ्या रात्रीही तेच म्हटलं. चौथ्या रात्री डायपर बांधला आणि सांगितलं, "त्यातच करा, मी बदलते ना."

त्यांना होईना. कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून तशाच आवरून पडल्या होत्या. पहाटे झालं. मी बदललं, पावडर लावली, अगदी प्रेमानं. पुढे पुढे त्यांनी हाक मारणंच सोडलं. मला वाटलं, रुळल्या. सिस्टरांनाही तसंच सांगितलं, आजी आता शांत असतात.

दिवसाही कोणी फारसं उठवत नव्हतं. बाराव्या दिवशी फिजिओंनी उभं करायला घेतलं तर गुडघे कापसासारखे. दोन्ही बाजूंनी धरूनही उभ्या राहीनात. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नको गं, मी त्यातच करते. तू बदलतेस ना?"

घरी गेल्या त्या स्ट्रेचरवरून. त्यांची मुलगी माझे हात धरून म्हणाली, पोटच्या लेकीसारखं केलंत. मला कोणी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

नंतर एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं, की धडधाकट म्हाताऱ्या माणसांना नुसतं १० दिवस अंथरुणात ठेवलं तरी पायांचा जवळजवळ १ किलो स्नायू जातो. धडधाकट माणसांचा! मी मनात आजींच्या पिंडऱ्या आठवत बसले.

तेव्हाच्या मला आता बोलायला जाते, तर ती गप्प बसत नाही. म्हणते, चौदा पेशंट होते. आजींबरोबर वीस मिनिटं गेले असते आणि तिकडे कोणी कॉटवरून पडलं असतं, तर काय सांगितलं असतंस? बरोबर आहे तिचं. मी म्हणते, निदान दिवसपाळीला सांगायचंस, की रात्री चालवणं झालं नाही, दिवसा चालवा. यावर ती काही बोलत नाही. मग मीच तिची बाजू घेते: ऐंशी उलटलेलं वय, खुब्याचं हाड, चालणं कदाचित तसंही सुटलं असतं. असेल. पण ११ पावलं चालत आल्या होत्या त्या, आणि ती सुटली माझ्या पाळीत.

आता मी फार शहाणी झालेय असंही समजू नका. माणसं कमी असली की आजही भराभर बटणं लावून मोकळी होते. आणि उलटही झालंय. एका काकांना मोजा स्वतःच घाला म्हणून इतकं लावून धरलं की त्यांनी तो माझ्या अंगावर फेकला. रात्रभर दुखण्यानं डोळा लागला नव्हता त्यांचा, मी विचारलंच नव्हतं. कष्ट होतायत म्हणून थांबायचं नाही, पण दुखतंय तर थांबायचं. लिहायला सोपं आहे. समोरच्या चेहऱ्यावर दोन्ही सारखंच दिसतं.

काल तुमच्या वडिलांनी तिसरं बटण चौथ्या काजात घातलं, तेव्हा तुम्ही पुढे झालात आणि मी "राहू द्या" म्हटलं. तुम्हाला राग आला, दिसला मला. शर्ट दिवसभर वाकडाच होता. संध्याकाळी काढताना त्यांनी ते बटण बोटानं चाचपलं आणि स्वतःशीच हसले. कशाला हसले, मला माहीत नाही. मी हात मागे धरूनच उभी होते.