कोरी जागा आणि शून्य

रविवार, रात्री ११.३०

मृग बहाराची संत्री संपली आहेत आणि आंबिया बहाराला अजून अवकाश आहे, त्यामुळे नागपूरच्या कळमना बाजारातील काकाजींच्या अडतीवर सध्या गर्दी नाही. ही सवड साधून त्यांच्या हिशोबपट्ट्यांसाठी, म्हणजे विकलेल्या मालाची रक्कम आणि कपात दाखवणाऱ्या शेतकऱ्यांच्या पट्ट्यांसाठी, मी ४ वर्षांपूर्वी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) हॅस्केल या दुसऱ्या भाषेत आणायला घेतली आहे. कूलरच्या घरघरीत आजची ही तिसरी रात्र.

पहिल्या रात्री मी एकेक ओळ जशीच्या तशी उतरवत बसलो, आणि ती रात्र वायाच गेली. जुन्या स्क्रिप्टमध्ये एकच लूप (प्रत्येक पट्टीसाठी तेच काम पुन्हा करणारा भाग) होता व त्यात वजन, रक्कम आणि कपात यांच्या बेरजा ठेवणारी तीन व्हेरिएबल्स प्रत्येक पट्टीगणिक बदलत जात. हॅस्केलमध्ये एकदा नाव दिलेले मूल्य बदलत नाही. त्यामुळे एका पट्टीची निव्वळ रक्कम काढणारे फंक्शन वेगळे करावे लागले आणि बेरीज त्याच्या बाहेर आली; खरे तर ती पहिल्यापासून बाहेरच असायला हवी होती.

खरी अडचण हमालीपाशी आली. पायथनमध्ये मी डिक्शनरीतून (नावावरून नोंद शोधायच्या यादीतून) हमाली काढताना ‘नोंद न सापडल्यास ० धर’ असे एका ओळीत लिहून मोकळा झालो होतो. हॅस्केलच्या मॅपमध्ये, म्हणजे तिथल्या तशाच यादीत, तीच नोंद शोधली की हाती थेट आकडा येत नाही, ‘मेबी’ येते, म्हणजे जस्ट (नोंद सापडली, हा घे आकडा) किंवा नथिंग (नोंदच नाही), आणि नथिंगचे काय करायचे हे सांगितल्याशिवाय पुढची वजाबाकी कंपाइलर (प्रोग्रॅम तपासून चालण्याजोगा करणारे साधन) होऊ देत नाही. अर्थात नथिंगच्या जागी ठरावीक मूल्य धरणाऱ्या ‘फ्रॉममेबी’ या फंक्शनला ० देऊन तीच पळवाट इथेही काढता आली असती, आणि झोप अनावर झाली असल्याने मी ती जवळजवळ काढलीच होती.

आज दुपारी काकाजींना विचारले. वही न उघडताच ते म्हणाले, “अरे, शून्य म्हणजे शेतकऱ्यानं आपलीच माणसं लावून माल उतरवला. कोरं म्हणजे लिहायचं राहिलं. दोन्ही एक कसं होईल?” मग आम्ही मागच्या हंगामातील पट्ट्या वहीशी ताडून पाहिल्या. स्क्रिप्टने हमाली ० धरलेल्या ९ पट्ट्यांपैकी ६ ठिकाणी ती खरोखरच नव्हती; उरलेल्या ३ ठिकाणी नोंद करायची राहून गेली होती आणि माझ्या त्या एका ओळीने ते झाकून टाकले होते.

आता ‘मेबी’ही काढून टाकले आहे. त्याऐवजी हमालीसाठी स्वतंत्र टाइप (मूल्याचा स्वतःचा प्रकार) केला असून त्यात तीनच शक्यता आहेत: आकारलेली रक्कम, शेतकऱ्याने स्वतः उतरवलेला माल आणि बाकी राहिलेली नोंद. तिसऱ्या शक्यतेची पट्टी छापलीच जात नाही. त्या ३ पट्ट्यांची राहिलेली हमाली मिळून ४१० रुपये होते. ते आता कोणाकडे मागायचे नाहीत, असे काकाजी जेवताना म्हणाले.