मामियेन घागरा : आठ इंचांची चूक आणि शीथांगची वारी

मागच्या वेळी मामियेन नावाच्या चिनी घागऱ्यासाठी कापड घेतलंय एवढंच सांगून गप्प बसले होते. पुढचे दोन महिने सांगण्यासारखं काही घडलंच नाही. कापड कपाटात आणि मी कपाटासमोर. मग शीथांग गावातला हानफू सप्ताह, म्हणजे पारंपरिक चिनी पोशाखांचा उत्सव, तीन आठवड्यांवर आला, नवऱ्याने ट्रेनची तिकिटं काढून टाकली, आणि मशीनवरचं कव्हर निघालं.

नव्यांसाठी थोडक्यात. नवऱ्याच्या कापडधंद्यामुळे आम्ही चीनमधल्या शाओशिंग शहराच्या केछ्याओ भागात राहतो. इथला कापडबाजार एवढा मोठा की 'जरा चक्कर मारून येते' म्हणून गेलेली बाई संध्याकाळीच उगवते. हानफू म्हणजे हान लोकांचा पारंपरिक पोशाख, आणि त्यातला मामियेन हा पुढूनमागून सपाट, बाजूंना चुण्यांचा, गुंडाळून नेसायचा घागरा. चिनी शहरांच्या तटाला बाहेर काढलेल्या बुरुजाला 'मामियेन', म्हणजे 'घोड्याचं तोंड', म्हणतात. घाग­ऱ्याच्या त्या सपाट भागालाही तेच नाव. मी त्याला बुरूजच म्हणते.

रचना एकदा डोक्यात बसली की सोपी आहे. दोन वेगळे पट, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना बुरूज आणि मध्ये चुण्या. म्हणजे एकूण चार बुरूज. मागचे दोन एकमेकांवर ठेवून कमरपट्ट्यात शिवून टाकायचे, पुढचे दोन नेसताना एकमेकांवर येतात. माझा हिशोब असा: कंबर 30 इंच, बुरूज 8 इंच, चुण्यांची बाजू 7 इंच. साठ पन्ह्याच्या एका पटातून दोन बुरुजांचे 16 आणि शिलाईचे 2 गेले की 42 इंच उरतात. त्यात 7 चुण्या, प्रत्येकीला 6 इंच कापड. एक इंच दिसतं, पाच आत जातं. नऊवारीच्या निऱ्या घालताना बोटं आपोआप चालतात, तशी इथे चालत नाहीत. पट्टी, खडू आणि टाचण्यांशिवाय गती नाही. पहिल्या दिवशी एकच बाजू झाली.

चूक कमरपट्ट्यात झाली. कंबर 30, दोन इंच माया, असा 32 इंचांचा पांढरा सुती पट्टा कापून मी मोकळी झाले. चुण्या टाचून झाल्यावर लावायला घेतला तर आठ इंच कमी! पुढचे दोन बुरूज एकावर एक येतात, म्हणजे पट्ट्यात तिसऱ्या बुरुजाचीही लांबी धरायला हवी: 8 त्रिक 24 आणि चुण्यांचे 14, असे 38, वर माया. रात्री अकराला हा पाढा उमगला. अख्खा नवा पट्टा निघेल एवढं पांढरं कापड उरलं नव्हतं. मग त्यातल्याच एका उरलेल्या तुकड्याचा जोड दिला, तोही आतल्या बुरुजाच्या वर, म्हणजे नेसल्यावर झाकला जातो. पट्टा पांढराच का, तर नवराबायकोचे केस एकत्र पांढरे व्हावेत म्हणून, असं सांगतात. आमचा जोडाचा आहे, पण टिकेल.

एक सूचना: जरीच्या काठाचं कापड असेल तर आधी गुडघ्याजवळचा आणि खालचा असे दोन्ही काठ दोन्ही पटांवर एका रेषेत येतात का ते बघा. माझा मागचा काठ अर्धा इंच वर आहे. इस्त्री ओल्या मलमलीवरूनच.

वरचा तिरप्या गळ्याचा झगा तयार घेतला. त्यात माझी गंमत झाली. आपल्या बायकांच्या शर्टाची उजवी बाजू वर येते, त्या सवयीने हात तसाच गेला. हानफूत डावी बाजू वर हवी, समोरच्याला गळा इंग्रजी छोट्या वाय (y) अक्षरासारखा दिसायला हवा. उलटं मृताला नेसवतात. घरातून निघताना आरशात दिसलं म्हणून बरं.

शीथांग म्हणजे झेजियांगमधलं कालव्यांचं जुनं गाव. पाण्याच्या कडेने छप्पर घातलेल्या लांबच लांब ओसऱ्या. हा सप्ताह 2013 साली तैवानचे गीतकार फांग वनशान यांनी सुरू केला. त्याच्या दहा वर्षं आधी, 22 नोव्हेंबर 2003 ला, वांग लथियेन नावाचा माणूस झेंगझोऊच्या रस्त्यावर हानफू घालून एकटा फिरला होता आणि लोक वळून वळून बघत होते. शीथांगला साधी पँट घातलेला माझा नवरा वेगळा दिसत होता.

राजवटींप्रमाणे पथकं करून निघालेली मिरवणूक छान होती, पण माझा खरा तास ओसरीतल्या एका बाकाजवळ गेला. घागरा जड, चालता चालता पट्टा फिरला आणि पुढचा बुरूज चक्क डाव्या कुल्ल्यावर. मागून विशीतली एक मुलगी आली, "च्येच्ये, थांब," म्हणाली. च्येच्ये म्हणजे ताई. तिने बंद सोडले, आतला बुरूज बेंबीवर धरायला लावला, घागरा फिरवून आणला, बाहेरचा बरोबर त्यावर बसवला, आणि बंद दोनदा गुंडाळून इतके आवळले की माझा श्वास अडकला. मग पट्ट्याचा जोड तिला दिसला. हसली, आणि स्वतःचा झगा उचलून दाखवला. तिच्या पट्ट्याला दोन जोड होते! हे लोक एकमेकांना 'थोंगपाओ', एकाच झग्यातले, म्हणतात ते त्या बाकावर पटलं.

सगळेच असे नसतात. एका काकूंनी माझा काठ निरखून 'घाट चुकलाय' असा शेरा मारला. तिथेही शुद्ध आणि अशुद्ध असा वाद आहेच, आपल्याकडे शिवलेल्या नऊवारीवरून होतो तसाच. माझं मत सांगते, पटलं तर घ्या. डोंबिवलीच्या पाडव्याच्या शोभायात्रेत शिवलेली नऊवारी घालून आलेली मुलगी पुढच्या वर्षी नेसायला शिकायची शक्यता आहे. घरी बसलेली नाही. मामियेनचंही तेच झालं. 2022 मध्ये दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या एका घागऱ्यावरून 'हा आमचा मामियेन' म्हणून पॅरिसमध्ये चिनी विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली, तेव्हापासून तर इथे शर्टावर मामियेन घालून ऑफिसला जाणाऱ्या मुली दिसतात. जत्रेसाठी घेतला आणि सोमवारी घातला, असा हा एकच प्रकार. रुंद बाह्यांचे झगे लोकलमध्ये कोण घालणार?

आता मागचा काठ उसवायचा की नाही ठरत नाहीये. तोवर पुढचं काम: सुंग राजवटीच्या काळातल्यासारखा बेइत्स नावाचा झगा, समोरून उघडा, लांब, अरुंद काठांचा. मुहूर्त ह्वाचाओचा, म्हणजे चांद्र वर्षाच्या दुसऱ्या महिन्यातला फुलांचा सण, जेव्हा फांद्यांना लाल फिती बांधतात. कापड कालच भिजत घातलं, चार मीटर. बादलीतलं पाणी निळं झालंय, तेव्हा पुन्हा एकदा धुवावं लागणार.