चेरोकी शफलचा नाच: ७२ बीट्स बसले

कॉन्ट्रा, म्हणजे समोरासमोरच्या दोन लांब रांगांत जोड्यांनी नाचायचा, हाकेवर चालणारा लोकनाच. त्याच्या संगीताचा नेहमीचा हिशोब आपल्या सगळ्यांना पाठ आहे: ए-ए-बी-बी, आठ-आठ बारांचे चार भाग, एकूण ३२ बार, दर बारला दोन याप्रमाणे ६४ बीट्स. ‘चेरोकी शफल’ या फिडलच्या ट्यूनमध्ये ए भाग सरळ आठ बारांचा, पण बी भाग दहा बारांचा. म्हणजे १६, १६, २०, २०, बेरीज ७२. मिनिटाला १२० बीट्सच्या लयीत एक फेरी ३२ सेकंदांऐवजी ३६ सेकंदांची होते. दोन्ही बी भागांतले जादा चार-चार बीट्स कुठे खर्च करायचे, यावर बरंच डोकं चालवलं.

प्रत्येक फिगर (नाचातली ठरलेली हालचाल) थोडी ताणून वेळ भरता येतो, पण ते मला पटत नाही. नाचणाऱ्यांच्या पायांत आठाची सवय मुरलेली असते. दहा बीट्सचं सर्कल (चौघांनी हात धरून गोल फिरणं) दिलं तर मंडळी आठव्या बीटलाच पोचतात आणि उरलेले दोन ताटकळतात. पुढच्या स्विंगमधला (दोघांनी धरून जागच्या जागी गरगर फिरण्यातला) जोर तिथेच जातो. जादा बीट्सना स्वतःचं काम हवं, तेही कानाला कळेल असं. त्यासाठी बॅलन्ससारखी (हात धरून एकमेकांकडे पाऊल आणि परत मागे) दुसरी फिगर नाही: नेमके चार बीट्स, आणि सगळा हॉल एकदम पाय आपटतो.

आता नाच असा आहे. सुरुवात इम्प्रॉपर, म्हणजे प्रत्येक रांगेत लार्क आणि रॉबिन (जोडीतल्या दोन भूमिकांची नावं) आलटून पालटून. ए-१ मध्ये शेजाऱ्याशी (त्या फेरीतल्या दुसऱ्या जोडीतल्याशी) बॅलन्स आणि स्विंग. ए-२ मध्ये लाँग लाइन्स (पूर्ण रांगा) पुढे-मागे, मग रॉबिन चेन (दोन्ही रॉबिन मधून पलीकडे) करून आपापल्या पार्टनरकडे. बी-१ मध्ये रॉबिन उजव्या खांद्याने पूर्ण ‘हे’ (चौघांनी एकमेकांना ओलांडत केलेली नागमोडी वीण) सुरू करतात, १६ बीट्स. आणि उरलेल्या चारांत पार्टनरशी बॅलन्स.

मला या नाचातली सगळ्यात आवडती जागा हीच. ‘हे’ संपताना लार्क मधून बाहेर पडत असतात, आणि तोवर रॉबिन कडेचा वळसा पुरा करून आत तोंड करून आलेली असते. हात आपोआप मिळतात. ट्यून संपेल असं वाटत असतानाच दोन बार आणखी येतात, त्यांत बॅलन्स होतो, आणि स्विंग बी-२ च्या बरोबर समेवर सुरू होतो. ओळखीच्या मंडळींना घेऊन रेकॉर्डिंगवर करून पाहिलं, तेव्हा त्या समेला कुणालाही सांगावं लागलं नाही.

बी-२ वर जास्त घासाघीस झाली. पार्टनर स्विंग आठ, सर्कल लेफ्ट पाऊण फेरा आठ, पास थ्रू (समोरच्याला ओलांडून पुढच्या शेजाऱ्याकडे) चार, अशी मांडणी कागदावर स्वच्छ दिसते. पण मग शेजाऱ्याशी स्विंग १२ बीट्सचा आणि पार्टनरशी फक्त आठाचा. हे मला मान्य नाही. म्हणून स्विंग १२ ठेवला आणि सर्कल व पास थ्रू मिळून आठात बसवले: सहा पावलांत पाऊण फेरा, दोन पावलांत पार. सरावलेल्यांना हे जमतं. नवख्यांसाठी ‘पास थ्रू’ची हाक दोन बीट्स आधी द्यावी लागते, नाहीतर पुढच्या शेजाऱ्याचा बॅलन्स हुकतो.

लांबीच्या बाबतीत आधार म्हणून मी ‘मनी मस्क’ पुन्हा पाहिला. अठराव्या शतकातल्या स्कॉटिश फिडलर डॅनियल डाऊची ती ट्यून न्यू इंग्लंडमध्ये आठ बारांचे तीन भाग, प्रत्येक एकदाच, अशी वाजते. एकूण २४ बार, आणि नाचही तेवढ्याच मापाचा. तिथे नेहमीची ३२ बारांची रील (जलद नाचाची ट्यून) वाजवली तर काहीच जुळत नाही. नाच आणि ट्यून एकमेकांना बांधलेले असण्यात काही वावगं नाही, हे त्यातून पक्कं झालं.

त्याची किंमत बँडला मोजावी लागते. एरवी दोन-तीन ट्यून्सचा सेट लावून मध्येच बदल करता येतो, आणि त्या बदलाने हॉल उसळतो. इथे दुसरी ट्यूनही ८-८-१०-१० अशीच हवी. तशी सापडेपर्यंत मी फिडलरला एकच ट्यून ठेवून रंग बदलायला सांगितलंय: काही फेऱ्या नुसती फिडल आणि पाय, मग पियानो पूर्ण ताकदीने आत. पुढच्या वेळी वॉक-थ्रूच्या (संगीताशिवाय नाच चालून पाहण्याच्या) आधी बी भाग एकदा नुसता वाजवून घेणार आहे, म्हणजे ते दोन जादा बार पाय हलण्याआधी कानावर पडलेले असतील.