४०७ चा धूर अखेर ६५ च्या खाली; गुन्हेगार पंपाच्या डोक्यावर बसला होता

माझ्या जुन्या टाटा ४०७ ट्रकमध्ये साध्या इंजिनाच्या जागी टर्बोवालं इंजिन बसवलंय, आणि त्याच्या काळ्या धुराशी झगडत होतो. आज ऑइल नीट गरम करून, पेडल झटक्यात तळाला नेऊन घेतलेल्या रीडिंगची सरासरी ४८ एचएसयू (धूर किती टक्के उजेड अडवतो त्याचं माप) आली. मागचा भाग लिहिला तेव्हा हाच आकडा ७८ होता आणि इंजिन परत खाली उतरवायचा विचार मनात घोळत होता. आता ते होणार नाही.

ज्यांच्या गाड्या आपल्यासारख्या जुन्या आहेत त्यांच्यासाठी: भारत स्टेज ४ या प्रदूषण-निकषांच्या आधीच्या डिझेल गाडीला पीयूसीत ६५ एचएसयू, म्हणजे 'के' (धुराच्या दाटपणाचं दुसरं माप) २.४५ पर्यंत चालतं. स्टेज ४ पासून ही मर्यादा ५० आणि १.६२ आहे. एचएसयूचा आकडा फसवा असतो. ७८ आणि ६५ मध्ये तेराचंच अंतर दिसतं, पण 'के' मध्ये बघितलं तर ७८ म्हणजे साडेतीनच्या वर. धूर जवळपास दीडपट झाला. म्हणून मी वहीत कायम 'के' लिहितो. आजचा 'के' दीडच्या आसपास, म्हणजे नियमाने लागतं त्याच्या पलीकडे जाऊन नव्या मर्यादेतही बसतो. माझं मूळ ध्येय तेच होतं. रावेर-सावदा पट्ट्यात आयुष्यभर केळी वाहिलेली ही गाडी पुन्हा रस्त्यावर येणार असेल, तर मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर काळा लोट सोडत यायला नको.

इंजिन बसवण्याचं काम खरं तर सुखाचं झालं. जुनं टाटाचं ४९७ इंजिन साधं, नवं ४९७ टर्बो-इंटरकूलरवालं, म्हणजे हवा दाबून आणि थंड करून आत घेणारं. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १०० मिमी, सीसी २९५६. गिअरबॉक्सच्या जोडावरचे, बेल हाउसिंगचे बोल्ट हातानेच बसत गेले, टॉमी (लोखंडी दांडा) लावावी लागली नाही. फाउंडेशनचे रबर नवे टाकले, क्लच प्लेट टर्बोवाल्या इंजिनाचीच घेतली. पहिल्या सेल्फला इंजिन लागलं तेव्हा शेजारच्या वेल्डिंगवाल्यानेही काम थांबवून टाळी दिली.

आणि मग धूर. उभ्या गाडीत हळूहळू रेस केलं तर सायलेन्सर स्वच्छ. पेडल झटक्यात दाबलं की काळाकुट्ट ढग, आणि दोन-तीन सेकंदांनी टर्बोची शिट्टी आली की तो विरून जायचा. पीयूसीची चाचणी नेमकी अशीच, आयडलवरून एका झटक्यात गव्हर्नर (इंजिनाचा कमाल वेग रोखणारा भाग) कट होईपर्यंत.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा असता तर ऑइल, पांढरा असता तर टायमिंग किंवा न जळलेलं डिझेल. म्हणून आधी हवेच्या मागे लागलो. एअर फिल्टर नवा टाकला. आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात कापसाची तूस फिल्टरवर गोधडीसारखी बसते. इंटरकूलरच्या होजवर साबणाचं पाणी मारून बघितलं, एका क्लिपपाशी बुडबुडे आले, क्लिप बदलली. टॅपेट लावले. थोडा फरक पडला, पण ६५ अजून लांबच.

मग सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल. इथे माझं मत ठाम आहे: नोझलमध्ये पैसे वाचवू नका. दुकानदाराने अर्ध्या किमतीतले लोकल पुढे केले होते, मी सीलबंद मायकोचेच घेतले. (कंपनीचं नाव २००८ पासून बॉश आहे, पण आपल्या भागात ते मायकोच राहणार.) चारही नोझलचं प्रेशर टेस्टरवर बघितलं, फवारा बारीक आणि सारखा, टपकणं नाही. स्पिल टायमिंग, म्हणजे पंपाने डिझेल सोडायची वेळ, पुन्हा लावलं. धूर हटायला तयार नाही. भर दुपारी भुसावळच्या उन्हात घेतलेलं रीडिंग सकाळपेक्षा वाईट यायचं. गरम हवा विरळ, म्हणजे सिलिंडरला हवा आणखी कमी. याकडे पुढे परत येतो.

शेवटी धुळ्याला गेलो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते तिथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकच्या कामाची पिढीजात माणसं तिथे सापडतात. ज्या पंप-नोझलवाल्या काकांकडे गेलो त्यांनी गाडीचं बॉनेटसुद्धा नीट उघडू दिलं नाही. एकदा रेस करायला लावली, धूर बघितला आणि म्हणाले, "पंप खोलनं पडी भाऊ."

इनलाइन डिझेल पंपाच्या गव्हर्नरवर टर्बोवाल्या इंजिनात एक डबी असते, एलडीए. इनटेकमधून, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेवरून, एक बारीक नळी तिच्यात येते. टर्बोचं प्रेशर वाढलं की डबीतला पडदा स्प्रिंगविरुद्ध सरकतो आणि रॅकला (डिझेल किती जायचं ते ठरवणाऱ्या दांडीला) पुढे जायची मोकळीक मिळते. प्रेशर नसेल तोवर रॅक अडवलेला, डिझेल मोजकंच. टर्बोला फिरायला जो वेळ लागतो तेवढ्यात सिलिंडरमध्ये फुकट डिझेल जाऊ नये, याचीच ही व्यवस्था. पडदा फाटला तर गाडी मरगळते, धूर काढत नाही. म्हणून मी डबीवर संशयच घेतला नव्हता, कारण ओढ उत्तम होती.

काकांनी डबी उघडली. आत स्प्रिंगच्या जागी लेथवर कापलेला पितळी तुकडा ठोकलेला, दांडी कायमची 'फुल'वर. इंजिनाच्या आधीच्या आयुष्यात कुणीतरी जादा माल ओढण्यासाठी हे केलं होतं आणि वरचं सील पुन्हा इतकं सफाईने लावलं होतं की बाहेरून पंप कोरा वाटावा. पंप टेस्ट बेंचवर चढवल्यावर फुल लोडचं डिझेलही जास्त निघालं. नवी स्प्रिंग, नवा पडदा, डिलिव्हरी व्हॉल्व्हचे वॉशर, चारही सिलिंडरचे एलिमेंट एकसारखे लावले, बूस्टशिवायची (टर्बोचं प्रेशर नसतानाची) आणि बूस्टसहची डिझेलची मात्रा वेगवेगळी मोजली. कागदावर सगळे आकडे लिहून दिले. असा कागद देणारा माणूस सोडू नका.

गाडीची ओढ किंचित कमी झाली, हे खरं. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये जाणवेल. मला चालेल.

साध्या ४९७ वरून टर्बोवर जाणाऱ्यांनी नोझल, टायमिंग, फिल्टर यांच्या आधी ही डबी उघडावी. भंगारातून घेतलेल्या पंपावर सील आहे एवढ्याने समाधान मानू नये.

आता उन्हाचं. हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की एअर फिल्टरचं तोंड अजून जुन्या जागी, इंजिनाच्या गरम हवेतच उघडतं. इंटरकूलर पुढे कितीही चांगला असला तरी त्याला आधीच तापलेली हवा देण्यात अर्थ नाही. म्हणून रंगकामाचा पुढचा बेत बाजूला ठेवतो. आधी केबिनच्या मागच्या कोपऱ्यातून उंचावर पत्र्याची नळी काढायची, वर पावसाची टोपी, खाली धूळ साचायला कप. मेच्या दुपारीही आकडा ५० च्या खाली राहतो का, हे त्यानंतरच कळेल.

आरटीओचं: लेखी परवानगी इंजिन उतरवण्याआधीच घेतली होती, मागे सांगितलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन घालणारं) आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल लक्षात घेता दुसऱ्या कंपनीचं इंजिन टाकायचा विचार मी कधीच केला नाही. कंपनी तीच, इंधन तेच, सीसी तेवढेच, चेसिसला कापाकापी नाही. इंजिनाच्या खरेदीची पावती, ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद आणि जुन्या-नव्या इंजिन नंबरचे फोटो एका फाइलमध्ये लावलेत. त्यात आता पंपाच्या कॅलिब्रेशनचा कागदही जाईल. हवेची नळी झाली की ताजी पीयूसी काढून गाडी तपासणीला न्यायची आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यायचा.

कुणी ४०७ ला उंच इनटेक बसवला असेल तर नळीचा व्यास किती ठेवला तेवढं सांगा. मी तीन इंचावर अडलोय, काका साडेतीन म्हणतात.